न्हाणीतलं बूच काढू नका! जपानी घरात राहायला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी

हल्ली आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ओळखीतलं कोण ना कोण जपानला निघालेलं असतंय. कुणाचा मुलगा उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधे शिकून इकडं मशिनवर आलाय, कुणाची मुलगी आयटीत आहे, आणि मग सहा-आठ महिने झाले की आईवडील नाहीतर काका-काकू बघायला येतात. आणि प्रत्येक वेळी मला फोन, तू तिथं सहा वर्षं झाली आहेस नव्हं, आमच्या आईला काय काय सांगू बाबा? तेच तेच सांगून दमलो म्हणून आज रविवारी बसून एकदाच लिहून काढतोय. बुलेट ट्रेन, फुजी डोंगर, देवळं हे सगळं युट्यूबवर आहे ते तिथं बघा, मी फक्त घरातलं सांगणार. कारण माणूस गोंधळतो तो घरात.

आधीच सांगतो घाबरायचं काही कारण नाही. माझी आई खानापूर तालुक्यातली, सोपा-माजघर-परडं असल्या कौलारू घरात जन्म गेलेला, ती इथं चार दिवसांत रुळली आणि माझा इंजिनियर चुलतभाऊ, टिळकवाडीतल्या फ्लॅटमधे वाढलेला, तो महिनाभर चुकत होता. चप्पल बाहेर, जमिनीवर बसायचं, सकाळी उठलं की अंथरूण उचलायचं, तांब्यानं पाणी घेऊन अंग धुवायचं, हे आईला कुणी सांगावंच लागलं नाही. बाकी जे सांगावं लागलं ते खाली.

पहिलं बॅग. इथली लाईट १०० व्होल्ट, आपली २३०. प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात, आपल्या गोल पिना जात नाहीत. मोबाईलचा चार्जर चालतो, त्यावर बारीक अक्षरात १००-२४० लिहिलेलं असतंय ते बघा, नुसता वीस-तीस रुपयांचा अडॅप्टर लागेल. पण मिक्सर आणू नका. आमच्या काकूनं चार किलोचा मिक्सर पोरासाठी मायेनं आणला, लावला तर नुसता घुं घुं करून मंद फिरतोय, चटणी काय वाटतोय, शेवटी भांड्यात पेन-पेन्सिली ठेवल्यात. कुकर आणणार असाल तर आधी विचारा की घरात गॅस आहे की आयएच म्हणजे इंडक्शन, अल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही.

ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे, पेरायच्या बिया यातलं काही नको. झाडापाल्याच्या वस्तूला आपल्याकडच्या सरकारी तपासणीचं सर्टिफिकेट लागतंय, नसेल तर एअरपोर्टवर काढून घेतात, आणि मटणाचं लोणचं-बिणचं तर अजिबातच नाही. भेटवस्तू म्हणून गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी, सगळ्यात बेस्ट. कुंदा आपल्याला प्रिय आहे मान्य, पण तो प्रवासात घाम सुटल्यासारखा ओला होतो आणि इथल्या लोकांना डब्यातनं चमच्यानं काढून वाटायची सवय नाही. इथं गोड म्हणजे एकेक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला, कारण घरी-ऑफिसात प्रत्येकाला एकेक द्यायचा असतो. करदंटाचे वड्यांचे तुकडे घरीच गुंडाळून न्या. देताना दोन्ही हातांनी द्या. ते तुमच्यासमोर उघडणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, समोर फोडणं बरं दिसत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. आणि ते स्वतः काही देताना म्हणतात त्सुमारानाई मोनो देसु गा, म्हणजे काही विशेष नाही हो. आपलं फूल ना फुलाची पाकळी, तसंच.

आता दार उघडलं. आत आल्या आल्या जी छोटी खालची जागा असते तिला गेनकान म्हणतात, आणि तिथनं घर एक पायरी वर असतंय. ही पायरी म्हणजे उंबरा समजा. खालचं सगळं बाहेर, वरचं सगळं घर. बूट खाली काढायचे आणि मोज्याचा पाय खालच्या फरशीवर न टेकवता सरळ वर ठेवायचा. हे वाचायला सोपं वाटतंय पण लेसचे बूट, हातात बॅग आणि समोर तीन माणसं वाकून नमस्कार करतायत अशा वेळी एका पायावर लंगडी घालायची पाळी येते, म्हणून घालायला-काढायला सोपे बूट किंवा सँडल आणा आणि मोज्याला भोक नाही ना बघा. वर चढलात की वळून खाली बसायचं आणि आपले बूट हातानं फिरवून टोकं दाराकडं करून ठेवायची, म्हणजे जाताना सरळ पाय घातला की झालं. दाराकडं तोंड करून, यजमानांना पाठ दाखवून उलटं चालत वर चढू नका, लोक ते बघतात. कुणाच्या घरी गेलात तर चढताना ओजामाशिमास म्हणा, म्हणजे तुम्हाला त्रास द्यायला आलो बघा.

वर स्लीपर ठेवलेल्या असतात त्या घाला, लाकडी फरशीवर चालतात. गवताच्या चटया अंथरलेल्या खोलीत शिरताना त्या पण काढायच्या. संडासात वेगळ्या स्लीपर असतात, दारात या काढून त्या घालायच्या, बाहेर येताना त्या काढून या. संडासातल्या स्लीपर घालून हॉलमधे येऊन बसणे हा प्रकार प्रत्येकाकडनं एकदा तरी होतोच, माझ्याकडनं साहेबाच्या घरी झालाय, कुणी काही बोललं नाही, फक्त त्यांची छोटी नात खाली बघून खुदकन हसली तेव्हा कळलं.

चार शब्द पाठ करून या, बाकी भाषा आली नाही तरी चालतंय. घरातनं बाहेर पडताना इत्तेकिमास. याचा अर्थ शब्दाशब्दाला जाऊन येतो असाच आहे, आणि गंमत म्हणजे आमच्याकडं कन्नडमधे पण होगि बरतीनि, तेच. नुसतं जातो म्हणायचं नाही, हे आपल्या आज्यांनी जे शिकवलंय ते इथल्या आज्यांनी पण शिकवलेलं दिसतंय. घरातला माणूस त्यावर इत्तेराश्शाई म्हणतो, म्हणजे जाऊन ये. परत आलं की तादाइमा, आलो बघा, आणि आतनं ओकाएरी. आईनं पहिल्याच आठवड्यात इत्तेकिमास उचललं, खाली कचरा टाकायला निघाली तरी म्हणायची. वाक्याच्या शेवटी हे लोक ने लावतात ना, देसु ने, तो आपला ना आहे, छान आहे ना मधला. नावापुढं सान लावायचं, आपल्याकडं कन्नड माणूस री लावतो तसं, पण स्वतःच्या नावाला लावायचं नाही. काकांनी स्वतःची ओळख पाटील-सान अशी करून दिली होती. जाऊ दे.

संडास. यावर जरा सविस्तर लिहितो कारण फोन सगळ्यात जास्त याच विषयावर येतात, लाजत लाजत. आपल्याला पाणी पाहिजे, आणि देवाची कृपा, इथं पाणी आहे. टोटो कंपनीनं १९८० मधे पाण्याच्या फवाऱ्याची सीट काढली, वॉशलेट नावानं, आणि आज साध्यासुध्या घरात पण तसली सीट असते. थंडीत सीट गरम असते, पहिल्यांदा बसल्यावर माणूस दचकतो की आपल्या आधी कोण बसलं होतं. बाजूला किंवा भिंतीवर बटणांची पट्टी असते. ज्या बटणावर ढुंगणाचं चित्र आणि खालनं कारंजं आहे ते आपलं, त्याला ओशिरी म्हणतात. ज्यावर बाईचं चित्र आहे ते बायकांसाठी. चौकोनाचं चित्र असलेलं बटण म्हणजे बंद, हे आधी ओळखून ठेवा आणि मगच दुसरं दाबा. जोर कमीजास्त करायचं बटण पण असतंय, कमीवर ठेवून सुरुवात करा, फवारा जोरात आला तर ओरडू नका, भिंती पातळ आहेत.

फ्लशचा दांडा किंवा बटण यावर दोन अक्षरं असतात. हातपाय फाकवून उभ्या माणसासारखं अक्षर दिसतंय ते मोठं, आणि मधे एक काठी, दोन्हीकडं एकेक फराटा ते छोटं. अर्थ कळलाच असेल. टिश्यू पेपर तिथंच पाण्यात सोडायचा, तो विरघळतो, बाजूच्या छोट्या झाकणाच्या डब्यात टाकायचा नाही, तो डबा बायकांच्या पॅडसाठी असतो. पण ओले वाईप्स किंवा साधा नॅपकिनचा कागद सोडू नका, तुंबतंय. बऱ्याच घरात टाकीवरच नळ असतो, फ्लश केलं की त्यातनं पाणी येतं, ते हात धुवायला, मग तेच पाणी टाकीत जाऊन पुढच्या फ्लशला वापरलं जातं. हे बघून आई इतकी खूश झाली की गावाकडं प्लंबरला फोन लावायला सांगत होती.

बाहेरच्या संडासात एक सावधगिरी. तिथं एखादं लाल किंवा नारंगी बटण वेगळं असतंय ते मदतीसाठी, फ्लशचं नाही. काकांनी एका स्टेशनवर ते दाबलं, बाहेर घंटा वाजली आणि टोपीवाला कर्मचारी पळत येऊन दारावर टकटक करायला लागला, आत काका, बाहेर तो, दोघांना एकमेकांचं काही कळेना. शेवटी मी जाऊन चार वेळा वाकून माफी मागितली.

आता मुख्य विषय, ओफुरो, म्हणजे न्हाणी. इथं अंघोळ रात्री. सकाळी पारोसं बाहेर कसं पडायचं म्हणून आपल्याला कसंतरी होतं, पण ते म्हणतात दिवसभराची घाण घेऊन अंथरुणात कसं शिरायचं, आणि खरं सांगू का दोन्ही बरोबर आहे. पाहुण्यांनी सकाळी शॉवर घेतला तर चालतंय, फक्त रात्रीचा ओफुरो चुकवू नका.

पद्धत अशी. न्हाणीच्या बाहेर एक छोटी खोली, तिथं कपडे काढायचे. आत गेलं की एक खोल टब, त्यावर गुंडाळी होणारं झाकण, आणि टबाच्या बाहेर शॉवर, आरसा, एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल आणि एक छोटं घमेलं. टबाकडं आत्ता बघायचं पण नाही. त्या स्टुलावर बसायचं, पाटावर बसतो तसं, घमेल्यानं किंवा शॉवरनं अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावायचा, डोकं धुवायचं असेल तर तेही इथंच, आणि अंगावर फेसाचा एक थेंब राहणार नाही इतकं खळाळून धुवायचं. अंघोळ झाली. हो, अंघोळ इथं संपली. आता झाकण उघडायचं आणि टबात शिरायचं, नुसतं बसायला. पाणी ४० ते ४२ डिग्री असतं, पहिल्यांदा पाय भाजल्यासारखा वाटतो, हळूहळू मानेपर्यंत बुडायचं, पाच-दहा मिनिटं गप बसायचं. बीपी असेल तर छातीपर्यंतच आणि कमी वेळ, आणि उठताना एकदम उठू नका, गरगरतं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. केस मोठे असतील तर वर बांधायचे.

आणि बाहेर आल्यावर बूच काढायचं नाही, झाकण परत लावायचं. कारण त्याच पाण्यात घरातली पुढची माणसं बसणार आहेत. सगळी धुऊन आलेली असतात त्यामुळं पाणी घाण होत नाही, उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पाईप लावून वॉशिंग मशिनला घेतात. मी इथं आलो त्या वर्षी एका सहकाऱ्यानं त्याच्या गावी आईवडिलांकडं नेलं होतं. पाहुणा म्हणून मला पहिला नंबर दिला, हा मान असतो. मी आपला मस्त बसलो आणि निघताना संस्कारी माणसासारखं बूच काढून, टब स्वच्छ खळबळून, पालथा हात फिरवून बाहेर आलो. माझ्यामागं चार माणसं थांबली होती, त्यात ऐंशीच्या पुढची आजी. साधारण २०० लिटर गरम पाणी मी गटारात सोडलं होतं. घरातलं कुणी अवाक्षर बोललं नाही, उलट बाथरूम किती छान साफ केलीस म्हणाले, परत टब भरला आणि सगळ्यांच्या अंघोळी अकराला संपल्या. मला हे दोन महिन्यांनी कळलं, ते पण त्यानं दारू प्यायल्यावर सांगितलं. म्हणून वर शीर्षकात लिहिलंय.

भिंतीवर एक छोटी स्क्रीन असते, त्यावर तापमान दिसतं, पाणी भरलं की गाण्याची धून वाजून एक बाई ओफुरो तयार आहे म्हणून सांगते. पाणी गार झालं तर परत तापवायचं बटण त्यातच असतं. पण ही सगळी अलीकडची सोय. जुन्या घरात लोखंडी मोठी कढई असायची, खाली लाकडं पेटवायची, आणि बूड भाजू नये म्हणून आत लाकडी फळी पायाखाली दाबून बसायचं. त्याला गोएमोन-बुरो म्हणतात, गोएमोन नावाच्या चोराला १५९४ मधे उकळत्या कढईत टाकून मारला होता त्याच्यावरून. हे सांगितल्यावर आई म्हणाली आमच्या न्हाणीतल्या चुलीवरच्या हंड्यात माणूस बसवल्यासारखंच की हे. बरोबर, तेवढाच फरक, आपण पाणी हंड्यातनं बाहेर काढतो आणि हे आत जाऊन बसतात.

झोपायची खोली. गवताच्या चटया असतात, तातामी म्हणतात, एक चटई साधारण १८० बाय ९० सेंटीमीटर आणि खोलीचं माप चटयांवर सांगतात, सहा चटयांची खोली म्हणजे आपली शंभर-सव्वाशे चौरस फूट. लव्हाळ्यासारख्या एका गवताची विणलेली असते, नवी असताना भाताच्या पेंढ्यासारखा वास येतो. यावर चाकाची बॅग ओढायची नाही, रेघा पडतात, बॅग उचलून आणा आणि खाली जुनी चादर टाका. चटयांना कापडी किनार असते, तिच्यावर पाय न देता चाललं तर जुन्या माणसांना बरं वाटतं. पाणी सांडलं तर लगेच कोरड्या फडक्यानं टिपा, ओल राहिली की बुरशी.

फुतोन म्हणजे आपली गादी आणि वाकळच. रात्री घालायचं, सकाळी तीन घड्या करून भिंतीतल्या कपाटात, म्हणजे ओशिइरेत ठेवायचं. पण उठल्या उठल्या नको, अर्धा तास उलगडं ठेवून घामाची ओल जाऊ द्या, मग घडी. तसंच पडू दिलं तर खालनं काळी बुरशी धरते, पाऊसकाळात तर आठवड्यात. ऊन पडलं की बाल्कनीच्या कठड्यावर टाकतात, हातभर मोठे चिमटे असतात, आणि दुपारी तीनच्या आत आत घ्यायचं, नाहीतर संध्याकाळचा दमटपणा परत शिरतो. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगून ठेवा, जमिनीवरनं उठायला त्रास होत असेल तर पोरानं बेडची सोय करावी.

बसायचं म्हणाल तर मांडी घालून बसलं की पुरुषांचं चालतं. औपचारिक ठिकाणी वज्रासनात बसतात, त्याला सेइझा म्हणतात, दहा मिनिटांत पायाला मुंग्या. यजमान म्हणतीलच आरामात बसा, मग लगेच सोडा, उगाच शूरपणा नको.

थंडीचं नीट ऐका. आपल्याला वाटतं आपण बेळगावचे, थंडी काय नवीन. बेळगावची थंडी म्हणजे एक स्वेटर आणि कानटोपी. इथं घराबाहेर सोडा, घराच्या आत गारठा असतो, कारण बऱ्याच जुन्या घरात संपूर्ण घर तापवायची सोयच नाही, जिथं माणूस आहे तेवढीच जागा तापवतात. पॅसेजमधे, संडासात श्वासाची वाफ दिसते. आणि म्हणूनच कोतात्सु. बुटकं टेबल, त्याच्या पोटात हीटर, वरनं जाड पांघरूण घातलेलं आणि त्यावर टेबलाची फळी. पाय आत घालायचे, पांघरूण कमरेपर्यंत ओढायचं, वर चहा, संत्री, टीव्ही. पूर्वी खड्डा करून खाली कोळसा ठेवायचे, आता विजेवर. आई एकदा त्यात बसली ती जेवायलाच उठली, काका तर डिसेंबरभर त्यातच राहायला होते म्हणायला हरकत नाही. फक्त आत झोपायचं नाही. वरचं अंग गार, खालचं घामेजलेलं, सकाळी घसा धरतो, शिवाय भाजायची भीती. बाहेर जाताना खिशात ठेवायची गरम पुडी मिळते, काइरो, पाकीट फोडलं की आतली लोखंडाची पूड हवेनं गंजायला लागते आणि त्याची उष्णता येते, बरेच तास पुरते. कपड्यावर चिकटवा, कातडीवर नाही. काकूनं पाठीवर लावून झोपली होती, चट्टा उठला.

उन्हाळ्यात आलात तर मात्र पंखे, एसी, आणि डास. डास घालवायची ती गोल वेटोळ्याची उदबत्ती, आपण कासव छाप म्हणतो तसली, ती मुळात इथलीच. वेटोळ्याची १९०२ मधे बाजारात आली, त्याआधी सरळ काडी असायची ती लवकर संपायची, आणि वेटोळं करायची कल्पना काढणाऱ्याच्या बायकोची होती. म्हणजे इथं येताना ती बॅगेत कोंबायची गरज नाही.

जेवण. सुरुवातीला हात जोडून इतादाकिमास, संपल्यावर गोचिसोसामा. वदनी कवळ घेता म्हणणाऱ्याला यात काय अवघड नाही. चॉपस्टिक जमत नसेल तर चमचा मागा, कुणी हसत नाही. पण दोन गोष्टी चुकूनही नको. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एकाच्या काडीतनं दुसऱ्यानं काडीनं घास घ्यायचा नाही. पहिलं मेलेल्या माणसाच्या पुढं ठेवतात तसं, आणि दुसरं म्हणजे दहन झाल्यावर अस्थी दोघांनी काड्यांनी उचलतात तसं. आपल्याकडं दहाव्याला पिंड ठेवतात ते डोळ्यासमोर आणा म्हणजे त्यांना किती वाईट वाटत असेल कळेल.

माळकरी आणि शाकाहारी लोकांसाठी कडू बातमी. मांस नको म्हटलं तरी मासा येतो. मिसो सूप बघून वाटतं आमटी आहे, दिसते पण तशीच, पण पाण्याचा आधार दाशी असतो आणि तो बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या किसाचा, कात्सुओबुशीचा. समुद्री गवताची, कोम्बुची दाशी पण असते, म्हणून घरी जेवायला बोलावलं तर दोन दिवस आधी सांगा, मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी पण नाही, तिन्ही वेगवेगळं सांगा. तयार करी मसाल्याच्या वड्या मिळतात त्यात पण बऱ्याचदा प्राण्याची चरबी असते. आमचे एक नातेवाईक माळकरी, ते तीन आठवडे भात, दही, टोफू आणि घरनं आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर राहिले आणि वजन कमी झालं म्हणून उलट खूश होते.

भात मात्र आवडेल. चिकट असतो, इंद्रायणीच्या जवळपास, म्हणून काडीनं उचलता येतो. राइस कुकरसोबत जो प्लास्टिकचा कप येतो तो १८० मिलीचा, तांदूळ त्याच कपानं मोजा आणि आतल्या भांड्यावर जी रेघ असते तिथवर पाणी, आपल्या वाटीनं मोजलं की खीर होते. मीठ घालत नाहीत. नळाचं पाणी सरळ प्यायचं, आईला हे पटायला आठवडा गेला, रोज उकळून ठेवायची.

कचऱ्यावरनं शेजाऱ्यांची नाराजी होते, बाकी कशावरनं नाही. जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. बहुतेक ठिकाणी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी न्यायचा, आदल्या रात्री नाही, कावळे फोडतात, म्हणून वर जाळी टाकलेली असते, ती परत नीट ओढा. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि वरचा कागद काढायचा, बाटली विसळून चपटी करायची. दुधाचं खोकं धुऊन, कापून, उलगडून वाळवायचं. चुलतभावानं सगळं एका पिशवीत घालून ठेवलं, संध्याकाळी ती पिशवी एक चिठ्ठी चिकटवून तिथंच, आणि मग तीन दिवस बाल्कनीत. आईला अवघड गेलं नाही, ती म्हणाली गावाकडं साली म्हशीला, राख भांड्याला, कागद चुलीला, काच भंगारवाल्याला, आम्ही वेगळंच करत होतो की, तुम्ही पोरांनी एक केलं.

आवाज. रात्री नऊनंतर वॉशिंग मशिन, खलबत्ता, व्हिडिओ कॉलवर मोठ्यानं बोलणं बंद. आपण बेळगावचे बोलताना भांडल्यासारखे बोलतो, हे भिंतीपलीकडच्याला माहिती नसतं. पोरगा नवीन घरात राहायला आला असेल तर शेजारी एकदा जाऊन छोटा टॉवेल किंवा बिस्किटं देऊन या, समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूचं एकेक ही जुनी रीत आहे, फ्लॅटमधे वरचा आणि खालचा. आईला पुढं केलं होतं मी, तिनं दोन्ही हातांनी पाकीट देऊन नुसतं हसून मान हलवली, खालच्या मजल्यावरची आजी दुसऱ्या दिवशी मुळे घेऊन हजर.

भूकंप. फोनवर अचानक कर्कश आवाज आला तर पळत जिन्याकडं जाऊ नका, टेबलाखाली शिरा, डोकं झाका. हादरे थांबल्यावर दार उघडून ठेवा म्हणजे अडकत नाही. उशाला चप्पल आणि बॅटरी ठेवा, काच फुटली तर अनवाणी चालता येत नाही. जोराच्या धक्क्यात गॅस आपोआप बंद होतो, मीटरवरचं बटण दाबून काही मिनिटं थांबलं की परत चालू होतो, हे पोराकडनं एकदा दाखवून घ्या. छोटे हादरे तर महिन्यात एक-दोन येऊन जातात, काका पहिल्या वेळी विष्णुसहस्रनाम म्हणायला लागले, तिसऱ्या वेळी चहाचा कप हातानं धरून तसेच बसून राहिले.

परतायच्या दिवशी चादर आणि उशीचे अभ्रे काढून घडी करून ठेवा, फुतोनची घडी घाला पण कपाटात ठेवू नका, खोलीतच ठेवा, यजमान नंतर ऊन दाखवून आत ठेवतील. आणि स्वतः वाळत घालायला जाऊ नका. आईनं निघायच्या सकाळी पोराला नंतर काम नको म्हणून दोन्ही फुतोन कठड्यावर टाकली, चिमटे लावले, आणि आम्ही दहाला एअरपोर्टला निघालो. तिला सोडून मी संध्याकाळी परत आलो तोवर पावसाची एक सर येऊन गेली होती आणि दोन्ही गाद्या पाणी पिऊन गच्च, मला एकट्याला उचलेनात.